जुन्या लहान घराच्या खोल्या नव्याने करताना: आधी ओल, मग वायर, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: घर जुनं, विटांच्या जाड भिंतींचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. आतल्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून कंबरेपर्यंत पोपडे सुटतात. दोनदा रंग देऊन झाला, तरी वर्षभरात पुन्हा तेच. फरशी उंचसखल आहे, प्लगपॉइंट अपुरे आहेत, एक खोली दिवसाही अंधारी असते आणि एवढ्याशा जागेत कपाटंही बसवायची आहेत. सुरुवात कुठून करावी आणि रंग कुठला लावावा?

दोनदा दिलेला रंग टिकला नाही, यात रंगाचा दोष बहुधा नाहीच. भिंतीत पाणी आहे आणि ते खोलीच्या बाजूने बाहेर पडतंय. त्याच्या वाटेत जे येईल ते सुटणारच. म्हणून आधी ओलीचं मूळ शोधायचं, मग वायर आणि पाइप, त्यानंतर गिलावा, फरशी, सुतारकाम आणि शेवटी रंग. हा क्रम चुकला की झालेलं काम फोडावं लागतं. नवी फरशी घातल्यावर स्वयंपाकघराचा पाइप बदलायचं सुचलं, किंवा रंग झाल्यावर वायरमन झिरी (वायरसाठी भिंतीत खाच) मारायला आला, की खर्च दुप्पट होतो. पैसे कमी असतील तर दोन्ही खोल्या अर्ध्यामुर्ध्या करू नका. एकच खोली घ्या आणि तिचं ओलीपासून रंगापर्यंत सगळं पुरं करा. वायरिंगची आखणी मात्र पूर्ण घराची एकदाच करून ठेवा.

ओल नेमकी कुठली, हे आधी ठरवा

ओल चार वाटांनी येते आणि चारही ठिकाणी उपाय वेगळा असतो. जमिनीतून चढणारी ओल विटांच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून वर येते. ती सहसा मीटरभर उंचीपर्यंत जाते, भिंतीच्या बऱ्याच लांबीवर सारखी दिसते आणि तिच्या वरच्या कडेला पिवळट-तपकिरी रेघ उमटते. त्या रेघेच्या आसपास पांढरी भुकटी फुलते, तो लोणा. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. गिलाव्याच्या छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फोडतात. तुमच्या वर्णनावरून संशय याच ओलीचा येतो.

बाहेरून शिरणारं पावसाचं पाणी एका जागी डाग पाडतं. पाऊस झाला की डाग गडद होतो, चार दिवस ऊन पडलं की फिका होतो. त्याचं मूळ खिडकीच्या खालच्या फटीत, छज्ज्याच्या जोडात, तुटक्या पन्हळीत किंवा बाहेरच्या गिलाव्यातल्या भेगेत सापडतं. गळक्या पाइपाची ओल मात्र बारा महिने तशीच राहते. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर गळती तुमच्याच पाइपात आहे. ही तपासणी फक्त दाबाच्या पाइपाची झाली. सांडपाण्याचा पाइप गळत असेल तर मीटर काही सांगत नाही. तिथे रंगीत पाणी ओतून डागाचा रंग बदलतो का, ते पाहावं लागतं.

चौथी वाट हवेतल्या वाफेची. गार भिंतीवर वाफेचं दव होतं आणि कोपऱ्यात, कपाटामागे, गादीच्या मागच्या भिंतीवर काळी बुरशी येते. ही ओल आणि भिंतीतली ओल वेगळी ओळखायची असेल, तर भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करा, त्यावर ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब असतील तर ती वाफेची ओल. मागच्या बाजूवर असतील तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे असतील तर दोन्ही.

जमिनीतली ओल: पहिला उपाय घराबाहेर

जुन्या घरांभोवतीची जमीन वर्षानुवर्षं वाढत जाते. एकावर एक कोबा होतो, फरसबंदी होते, फुलझाडांसाठी माती टाकली जाते आणि शेवटी बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या बरोबरीला येते. कधी वरही जाते. मग भिंतीचं जोतं कायम ओल्या मातीत बुडालेलं राहतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली असायला हवी आणि भिंतीपासून दूर दर मीटरला २ सेंटिमीटर उतार असायला हवा. भिंतीला लागून असलेला कोबा २०-३० सेंटिमीटर रुंद कापून तिथे खडी भरली, तर भिंतीला खालून सुकायला वाव मिळतो. खोदताना पायाच्या खाली मात्र जाऊ नका. पन्हळीचं पाणी जोत्यापाशी पडत असेल तर ते पाइपाने दूर न्या. पुष्कळ घरांत एवढ्यानेच ओलीची रेघ खाली उतरते. म्हणून भिंतीत रसायन भरण्याआधी एक पावसाळा हे करून पाहणं शहाणपणाचं.

रसायनाची पद्धत अशी: जोत्याजवळच्या एका आडव्या सांध्यात साधारण १२ सेंटिमीटर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि त्यांत पाणी रोखणारी पेस्ट भरायची. भिंत सरळ थरांच्या विटांची असेल तर उपयोग होतो. दगडगोट्यांच्या किंवा मातीच्या भिंतीत सलग सांधा मिळतच नाही, तिथे पैसे वाया जातात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. भिंत ओली दिसली की गिलावा काढून त्या जागी वॉटरप्रूफिंग घातलेलं सिमेंट मारतात, किंवा कंबरेपर्यंत टाइल लावतात, किंवा पीव्हीसीचे तक्ते ठोकतात. काही महिने भिंत कोरडी दिसते. पण पाणी आत यायचं थांबलेलं नसतं, बाहेर पडायची वाट मात्र बंद झालेली असते. मग ते सिमेंटच्या मागून वर चढतं आणि कंबरेपर्यंत असलेली ओल खांद्यापर्यंत जाते. वर लाकडी तुळईचं टोक भिंतीत बसलेलं असेल तर ते कुजतं. जिप्समचा गिलावा तर ओल्या भिंतीवर कधीच नको, तो पाणी शोषून मऊ पडतो.

योग्य काम संथ चालतं. ओलीची रेघ जिथे संपते तिच्या वर आणखी ३० सेंटिमीटरपर्यंतचा गिलावा विटेपर्यंत काढा. क्षार त्या गिलाव्यातच साठलेले असतात, म्हणून पडलेला राडारोडा त्याच दिवशी घराबाहेर न्या. तो पुन्हा वाळूत मिसळू देऊ नका. सांध्यांतला भुसभुशीत चुना २ सेंटिमीटर खोल खरवडा. उघड्या विटांवर लोणा फुलला की कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. विटेची भिंत सुकायला दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण महिना लागतो, हा जुना ठोकताळा आहे. म्हणजे २३ सेंटिमीटरच्या भिंतीला नऊ महिने. एवढं कुणी थांबत नाही, आणि चुन्याचा गिलावा केला तर थांबायची गरजही नसते, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडत राहते. तरी दोन-तीन महिने भिंत उघडी राहील आणि खिडक्या उघड्या ठेवता येतील असं वेळापत्रक बसवा.

अशा भिंतीला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानेही घट्ट होणारा चुना) वापरावा. ३.५ हा मध्यम ताकदीचा प्रकार घरातल्या विटकामाला चालतो. चुना १ भाग आणि धुतलेली, करकरीत, लहानमोठ्या कणांची वाळू ३ भाग, दोन्ही मापाने. आधी भिंत फवाऱ्याने दमट करा, पाणी निथळू देऊ नका. सांधे भरून घ्या. मग १० मिलिमीटरचा पहिला थर द्या आणि तो आवळत आला की त्यावर खरवडून आडव्यातिडव्या रेघा ओढा. तीन-चार दिवस ओलं पोतं लावून किंवा हलका फवारा मारून तो दमट ठेवायचा. आठवड्याने ८ ते १० मिलिमीटरचा दुसरा थर आणि शेवटी ३ मिलिमीटरचा बारीक हात. एकाच दिवशी २५ मिलिमीटर थोपलं तर ते ओघळतं किंवा भेगाळतं. गिलाव्याची खालची कड फरशीपासून २-३ सेंटिमीटर वरच थांबवा, नाहीतर तो फरशीवरचं पाणी ओढून घेईल. ती फट पुढे स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीच्या) मागे झाकली जाते. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करायचं आणि स्वच्छ पाण्याची बादली हाताशी ठेवायची.

ओल थांबली तरी भिंतीत उरलेले क्षार हवेतला दमटपणा शोषून घेतात आणि पावसाळी दिवसांत फिके डाग दिसतात. तेवढ्यावरून काम फसलं असं समजून पुन्हा फोडाफोड करू नका. पहिल्या वर्षी अधूनमधून कोरडा ब्रश मारावा लागतो.

बाकीच्या भिंती आणि भेगा

कोरड्या भिंतींचा सगळा गिलावा काढायचं कारण नाही. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकत भिंतभर फिरा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने वर्तुळ काढा. पोकळ भाग भिंतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण काढणं परवडतं, नाहीतर तेवढेच तुकडे. तुकडा काढताना त्याच्या कडा ग्राइंडरने सरळ चौकोनी कापा. वेड्यावाकड्या पातळ कडेवर नवा माल धरत नाही आणि रंगानंतर त्या जोडाची रेघ दिसते. चुन्याच्या भिंतीत चुन्यानेच ठिगळ लावा. सिमेंटच्या भिंतीत सिमेंट १ आणि वाळू ५ ते ६ चालते. सिमेंटच्या ठिगळावर सात दिवस पाणी मारा आणि २८ दिवस झाल्यावरच रंगाला हात लावा. ताजं सिमेंट इतकं अल्कलीयुक्त असतं की त्यावरचा तेलाचा रंग अक्षरशः साबण होऊन चिकट पडतो.

भेगांच्या बाबतीत आधी मोजणी. १ मिलिमीटरपर्यंतची केसासारखी भेग गिलाव्याची असते. ५ मिलिमीटरहून रुंद, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी भेग असेल तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मधल्या भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, तीन जागी रुंदी मोजून ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढत नसेल तर ती ५ मिलिमीटर रुंद अशी 'व्ही' आकारात खोलवा, धूळ काढा, दमट करा आणि दोन थरांत भरा. वरून ५० मिलिमीटरची फायबर जाळीची पट्टी पुट्टीत बसवा. नुसती पुट्टी चोळलेली भेग पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी उघडते.

खोल्या मोठ्या करण्यासाठी मधली भिंत पाडायचा मोह लहान घरात होतोच. वरच्या तुळया किंवा वासे त्या भिंतीवर टेकले असतील तर ती भार वाहते. पण टेकलेले दिसत नाहीत म्हणून ती भार वाहत नाही, असंही धरू नका. जुन्या घरात पातळ भिंतही कालांतराने भार घेऊ लागते. हा निर्णय गवंड्याने घ्यायचा नाही.

जुने रंगथर

भिंतीवर काय आहे ते कळल्याशिवाय नवा रंग देऊ नका. ओला हात घासल्यावर पांढरं लागलं तर चुन्याची सफेदी किंवा साधं डिस्टेंपर आहे. त्यावर इमल्शन दिलं की ते वाळताना आकसतं आणि खालच्या सैल थरासकट पापुद्र्यासारखं सुटतं. हा थर भिजवून, खरवडून पूर्ण काढावाच लागतो. स्पिरिटच्या बोळ्याने घासल्यावर रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर इमल्शन, नाहीतर बहुतेक तेलाचा रंग. धडधाकट तेलरंग काढायची गरज नाही. तो घासून त्याची चमक मारा आणि त्यावर पकड देणारा प्रायमर द्या.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. फार जुन्या दारं-खिडक्यांच्या तेलरंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला तर धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना तिचा सगळ्यात जास्त अपाय होतो. ओला पॉलिश पेपर वापरा किंवा रंग काढायची जेल लावा, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा, खोलीचं दार बंद ठेवा आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे, किंवा काळ्या डिंकाने चिकटवलेल्या जुन्या लवचीक टाइल निघाल्या तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते कापू, घासू किंवा फोडू नका. तपासणी करून मगच हलवा.

वायरिंग

रबराच्या किंवा कापडी वेष्टनाची वायर हाताने वाकवल्यावर वेष्टनाचे तुकडे पडत असतील, तर जोडाजोड करण्यात अर्थ नाही. पूर्ण बदला. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटर आणि १६ अँपिअर. गीझर, एसी यांना प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची लाइन. दिवे आणि प्लग वेगवेगळ्या सर्किटवर हवेत, म्हणजे प्लगचं सर्किट पडलं तरी अंधार होत नाही. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि घराचं अर्थिंग तपासलेलं हवं. ओल्या भिंतींच्या घरात या दोन गोष्टींवर माणसाचा जीव अवलंबून असतो, इथे काटकसर करू नये.

झिरीची खोली बघून ठरवावी लागते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून आणि आडवी एकषष्ठांशाहून खोल नको. अर्ध्या विटेच्या, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या भिंतीत आडवी झिरी फार तर १९ मिलिमीटर होते. त्यात २० मिलिमीटरचा पाइपही बसत नाही, म्हणून तिथे आडवी झिरी मारूच नका, वरून किंवा खालून उभी उतरा. प्लगच्या जागा ठरवताना जमिनीवर खडूने पलंग, टेबल, कपाट आखा. कपाटामागे गेलेला बोर्ड कुणाच्या कामाचा नाही. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि त्यात मोजपट्टी दिसू द्या. पुढे खिळा ठोकताना हे फोटो उपयोगी पडतील.

फरशी

दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर सगळ्या दिशांनी फिरवा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपर्यंत फट असेल तर टाइल चिकटवायच्या डिंकावर टाइल थेट बसते. ३ ते १० मिलिमीटरपर्यंत सपाटीकरणाचं तयार मिश्रण ओतता येतं. त्याहून जास्त खड्डा असेल तर आधी ठिगळ. जुनी फरशी घट्ट बसलेली असेल तर तिच्यावरच टाइल लावता येते. पण ५ मिलिमीटर डिंक आणि १० मिलिमीटर टाइल मिळून उंची १५ मिलिमीटरने वाढते. दारं खालून कापावी लागतात, उंबरठा बुटका होतो आणि मोरीतही तसंच केलं तर तिचं पाणी खोलीत यायची भीती राहते. हे सगळं आधी मोजा. टाइलमध्ये २-३ मिलिमीटर आणि भिंतीच्या कडेने ६ मिलिमीटर फट सोडा. कडेची फट न सोडल्यामुळे टाइल मधोमध उचलली गेल्याचं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

वरच्या मजल्यावर लाकडी तुळयांची जमीन असेल तर वजनाचा हिशेब करा. ४० मिलिमीटर मालाचा थर आणि १० मिलिमीटर टाइल मिळून दर चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतात. दहा चौरस मीटरच्या खोलीत हा एक टन. तिथे तक्ते स्क्रूने घट्ट करून लाकडी किंवा लॅमिनेटचं हलकं काम करणंच बरं. लॅमिनेटचे खोके ४८ तास त्याच खोलीत ठेवून मग बसवायचे, भिंतीच्या कडेने ८ ते १० मिलिमीटर सोडायचे.

तळमजल्याची जमीन ओली असेल तर मात्र व्हिनाइल किंवा लॅमिनेट टाळा. खाली कोंडलेली ओल डिंक सोडवते आणि उरलेली भिंतीकडे सरकते, म्हणजे बाहेर घेतलेली मेहनत आतून वाया जाते.

मोरी आणि संडासाचं एकच सांगतो: टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि शेजारच्या भिंती नि खालचं छत तपासा. अंघोळीच्या जागी हा थर १.८ मीटर उंच न्या. जमिनीला उतार १०० ला १.

रंग

ज्या भिंतीत ओल होती तिथे प्लॅस्टिकचा पापुद्रा तयार करणारा कुठलाही रंग नको. चुन्याची सफेदी चार-पाच पातळ हातांत, प्रत्येक हातात एक दिवसाचं अंतर आणि प्रत्येक वेळी भिंत दमट करून. किंवा सिलिकेट रंग, म्हणजे वाफ जाऊ देणारा खनिजाचा रंग. तो चुना आणि सिमेंटवर घट्ट धरतो, जुन्या इमल्शनवर किंवा जिप्समवर धरत नाही. त्याचे शिंतोडे काचेवर कायमचे डाग पाडतात, म्हणून तावदानं झाकून घ्या. या भिंतीला पुट्टीही नको. तिचा थोडा खडबडीतपणा राहू द्या, तो छान दिसतो.

कोरड्या भिंतींचं प्रमाण उदाहरणाने सांगतो. खोली ३ बाय ३.५ मीटर, उंची २.८ मीटर. भिंतींची एकूण लांबी १३ मीटर, क्षेत्र ३६.४ चौरस मीटर. एक दार आणि एक खिडकी वजा जाता ३३. इमल्शनचा एक लिटर एका हातात साधारण १० चौरस मीटर झाकतो. दोन हातांना साडेसहा लिटर, छताला आणखी दोन लिटर. प्रायमर साडेचार लिटर. पुट्टी पातळ दोन हातांत २५ ते ३० किलो. पुट्टीचा एक हात १.५ मिलिमीटरहून जाड देऊ नका. ती खड्डे भरण्यासाठी नसते, ते काम गिलाव्याचं.

जुनी भिंत कधीच आरशासारखी सपाट नसते, त्यामुळे तिला मॅट रंगच शोभतो. चमकदार रंगात, विशेषतः खिडकीच्या बाजूने तिरपा उजेड पडला की प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. अंधाऱ्या खोलीत स्वच्छ पांढरा रंग उजेडाअभावी राखाडी दिसतो. त्यापेक्षा किंचित पिवळसर किंवा मातकट झाक असलेला, ७० च्या वर परावर्तन मूल्य (रंग किती टक्के उजेड परत फेकतो ते) असलेला फिका रंग घ्या. हे मूल्य काही छटापत्रांवर छापलेलं असतं. छटापत्रावरच्या चौकोनावरून निवड करू नका. ६० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना लावून पाहा. लहान खोलीत दाराची चौकट, स्कर्टिंग आणि भिंत एकाच रंगात ठेवली तर नजर अडत नाही आणि खोली सलग दिसते. एका भिंतीला गडद रंग द्यायचाच असेल तर आखूड भिंतीला, दारातून समोर दिसणाऱ्या.

उजेड, कपाटं आणि चालायची जागा

अंधाऱ्या खोलीत छताच्या मधोमध एक प्रखर दिवा लावला की कोपरे आणखी काळे दिसतात. दर चौरस मीटरला १५० ते २०० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) हा हिशेब धरा, म्हणजे रंगाच्या उदाहरणातल्या खोलीला १६०० ते २१०० ल्युमेन, आणि तो उजेड तीन-चार दिव्यांत वाटून भिंतींवर पाडा. उजळलेली भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. उजेडाची छटा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विन. स्वयंपाकाच्या ओट्यावर वेगळी पट्टी, हाताची सावली पडणार नाही अशी ओट्याच्या पुढच्या बाजूला, ४००० केल्विनची. पडद्याची दांडी चौकटीच्या १० ते १५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर बाहेर न्या, म्हणजे पडदा सरकवल्यावर काचेचा एक इंचही झाकला जात नाही. आरसा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा.

८० सेंटिमीटरचं दार उघडताना जमिनीची अर्धा चौरस मीटर जागा खातं. दार खोलीबाहेर उघडेल असं बसवून किंवा सरकतं दार करून ती जागा परत मिळते. चालायच्या वाटेला ७५ सेंटिमीटर, पलंगाच्या एका बाजूला ६० सेंटिमीटर सोडल्यावर जे उरेल तेवढंच सामान. कपड्यांच्या कपाटाची आतली खोली ५५ सेंटिमीटर लागते, कारण हँगर ४५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असतो. तेवढी जागा नसेल तर ४० सेंटिमीटर खोल कपाटात समोर बाहेर ओढायची दांडी बसवा, कपडे आडवे न लागता पुढून मागे लागतात. कपाट छतापर्यंत न्या, वरचा भाग वर्षातून दोनदा लागणाऱ्या सामानाचा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. मागे ३ ते ५ सेंटिमीटर जागा, खाली आणि वर हवेला झरोके. जुन्या भिंतीत गिलावाच २० ते २५ मिलिमीटर जाड असतो, म्हणून ३० मिलिमीटर लांबीची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग) बहुतेक गिलाव्यातच राहते आणि वजन आलं की ढेकूळ घेऊन बाहेर येते. ८ मिलिमीटर जाडीची गिट्टी आणि ७० ते ८० मिलिमीटरचा स्क्रू घ्या, गिट्टी पूर्ण विटेत गेली पाहिजे. भोक सांध्यात नको, विटेच्या मध्यावर, आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवून, कारण जुनी मऊ वीट ठोक्याने फुटते. भोकातून तांबडी भुकटी आली तर वीट, पांढरी किंवा करडी येतच राहिली तर सांधा, जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. अर्ध्या विटेच्या भिंतीवर ओट्यावरची जड कपाटं टांगायची असतील तर जमिनीपर्यंत उभे पाय द्या.

घासणारी दारं पावसाळ्यात रंध्याने तासू नका. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं, कोरड्या दिवसांत तिथे बोटभर फट पडते. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. ते सैल असतील तर भोकात डिंक लावून लाकडी खुंटी ठोका आणि ६० मिलिमीटरचे स्क्रू घाला. लोंबलेलं दार बहुतेक वेळा एवढ्यानेच सरळ होतं. तासायची वेळ आलीच तर कोरड्या हंगामात, चारही बाजूंना २-३ मिलिमीटर फट ठेवून, आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर. उघडी कड पुन्हा पाणी पिते.

आतल्या खोलीच्या त्या भिंतीपाशी पहिलं वर्षभर कपाट किंवा पलंग ठेवू नका. नव्या गिलाव्यावर जमिनीपासून २०, ५० आणि १०० सेंटिमीटरवर पेन्सिलने बारीक खुणा करून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ओलीची कड कुठल्या खुणेला आहे ते दर पंधरा दिवसांनी लिहा. ती उतरत गेली किंवा ५० च्या खाली स्थिर राहिली तर बाहेरचं काम लागू पडलं. वर चढत गेली तर आधी बाहेरची जमीन, पन्हळ आणि सांडपाण्याचा पाइप पुन्हा तपासा, आणि ते सगळं ठीक असेल तरच रसायनाच्या भोकांचा विचार करा.